शंका-समाधान : पापक्षमा मिळाली, पैशांचे काय?

प्रश्न : सोसायटीचा खजिनदार असताना मी साठ हजार रुपये परस्पर वापरले. हिशेब तपासणीत ते कोणाच्या लक्षात आले नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात पापनिवेदन केले, म्हणजे फादरांपुढे पापे कबूल केली; त्यांनी पाच ‘नमो मारिया’ प्रार्थना म्हणायला सांगून पापक्षमा दिली. आता प्रकरण मिटले ना? (एक वाचक, वसई)

उत्तर : देवाकडचे मिटले, सोसायटीकडचे नाही. पाच ‘नमो मारिया’ हे तुमचे प्रायश्चित्त. साठ हजारांची ती पावती नव्हे. पश्चात्ताप, निवेदन आणि प्रायश्चित्त ही पश्चात्तापी माणसाची तीन कामे कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५५१ मध्ये स्पष्ट केली. त्यांतला पश्चात्ताप खरा असेल, तर घेतलेले परत करण्याची तयारी त्यात आलीच. ऐपत असून ‘परत करणार नाही’ असे मनाशी ठरवून कोणी पापक्षमा मागितली, तर पश्चात्तापच नसतो आणि फादरांचे शब्द लागू पडत नाहीत.

परत कसे करायचे? रक्कम ज्याची त्यालाच द्यायची. पुष्कळ जण इथे चुकतात : चर्चच्या दानपेटीत पैसे टाकून मोकळे होतात. मालक माहीत असताना तसे चालत नाही. मालक वारला असेल तर पैसे वारसांचे. मालक किंवा वारस प्रामाणिकपणे शोधूनही सापडले नाहीत, तरच गोरगरिबांना. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने चौपट परत करण्याचा शब्द दिला (लूक १९:८), पण चर्च चौपटीची सक्ती करत नाही. मूळ रक्कम आणि तुमच्यामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान, उदाहरणार्थ पैसे नसल्याने सोसायटीला भरावा लागलेला दंड, इतके द्यायचे. एकरकमी जमत नसेल तर हप्ते पाडा, पण पहिला हप्ता याच महिन्यात जाऊ द्या.

चारचौघांत गुन्हा कबूल करायला पापक्षमेसाठी कोणी सांगत नाही. निनावी पाकीट चालेल. मात्र ‘देणगी’ म्हणून पावती फाडून वर शाबासकी घेऊ नका. तो दुसरा खोटेपणा. पाकीट फादरांच्या हाती पोचवायचे असेल तर तशी परवानगी त्यांना स्पष्ट द्या. पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट, तुमच्या परवानगीशिवाय, बाहेर खुद्द तुमच्याशीही ते काढू शकत नाहीत. ही गुप्तता थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप धर्मबहिष्कृत होतो.

प्रश्न : प्रॉटेस्टंट मैत्रीण म्हणते, ‘आपण पापे कबूल केली की देव क्षमा करतो (१ योहान १:९), मग मध्ये माणूस कशाला?’ (एक वाचिका, पुणे)

उत्तर : तारण ख्रिस्ताच्या क्रुसावरील बलिदानामुळे, देवाच्या कृपेने मिळते, आपल्या पुण्याईवर नाही, यात दोघींचे एकमत आहे. कॅथॉलिक चर्च आणि लूथरन या प्रॉटेस्टंट पंथाच्या जागतिक संघाने ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे तसे संयुक्त निवेदन केले. २००६ मध्ये मेथडिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथही त्यात आला. मतभेद क्षमा पोचते कशी, यावर आहे. पुनरुत्थित येशूने शिष्यांना ‘तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल त्यांची क्षमा होईल’ असा अधिकार दिला (योहान २०:२३), त्यावर आपला पापनिवेदनाचा संस्कार उभा आहे. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या खुद्द लूथरलाही खासगी पापनिवेदन नको नव्हते. सक्ती नको होती.

मैत्रिणीच्या म्हणण्यात तथ्य आहेच. लहान पापांची क्षमा प्रार्थना, मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), दानधर्म यांतूनही होते. गंभीर पापाबद्दल देवावरील प्रेमापोटी पूर्ण पश्चात्ताप झाला आणि लवकरात लवकर पापनिवेदन करण्याचा निश्चय असला, तर क्षमा तिथेच मिळते. मात्र कम्युनियन (मिस्सेतील ख्रिस्तप्रसाद) घेण्याआधी, गंभीर कारण नसेल तर, पापनिवेदन हवे.

प्रश्न : तरुणपणीचे एक पाप लाजेने सांगितले नाही. नंतर कित्येकदा पापनिवेदन केले, तेही वाया गेले का? (एक वाचिका, मुंबई)

उत्तर : विसरलात असता तर चिंता नव्हती, विसरलेल्या पापाचीही क्षमा होते, आठवल्यावर पुढच्या वेळी सांगायचे एवढेच. गंभीर पाप जाणूनबुजून लपवले, तर मात्र ते पापनिवेदन अपुरे नाही, अवैध ठरते. तोच लपवाछपवीचा निर्णय पुढेही चालू राहिला असेल, तर तेव्हापासूनची गंभीर पापे पुन्हा सांगावी लागतील.

ऐकायला वाटते तितके हे अवघड नाही. शनिवारच्या रांगेत उभ्या राहू नका. अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या, हवे तर दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जा, चेहरा दिसू नये म्हणून जाळीआड बसा. पहिलेच वाक्य : ‘फादर, एक गोष्ट मी लपवत आले आहे, मला मदत करा.’ पुढचे प्रश्न ते विचारतील. पापाचा प्रकार आणि संख्या पुरे; ‘दोन वर्षे, महिन्यातून एकदोनदा’ असा अंदाजही चालतो. प्रसंगाचे वर्णन नको, दुसऱ्यांची नावे नकोत. नवऱ्याची आणि सासूबाईंची पापे तर मुळीच नकोत, रांग बहुतेक त्यांच्यामुळेच लांबते. आणि पाप खरोखर गंभीर होते का, हेही विचारा : बाब गंभीर, पूर्ण जाणीव, पूर्ण संमती, यांतले एक जरी नसेल तर ते मरणप्राय, म्हणजे गंभीर, पाप ठरत नाही. सोळाव्या वर्षी भीतीपोटी केलेल्या गोष्टीत संमती किती होती, हे शांतपणे बघायला हवे.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळली आहे. फोनवर पापनिवेदन चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, व्हिडिओ कॉलवरही नाही; पापक्षमेसाठी दोघांनी प्रत्यक्ष समोर असावे लागते. फोन करा तो धर्मग्रामाच्या कार्यालयात, फादरांना घरी बोलावण्यासाठी. शुद्ध हरपायची वाट बघू नका. ते आल्यावर आईंना नीट ऐकू येते का ते सांगा, टीव्ही बंद करा आणि खोलीबाहेर थांबा.