बीएमडब्ल्यू एम३ सेडान घ्यावी, एम४ कूपे की मर्सिडीजची एएमजी सी६३? घर संभाजीनगरला, जाणं-येणं समृद्धीवरून.

मिळत असेल तर एम३च. एम३ आणि एम४ खालून एकच गाडी आहे: तेच ३ लिटरचं सहा सिलिंडर ट्विन टर्बो इंजिन, काँपिटिशन या जास्त ताकदीच्या आवृत्तीत किमान ५१० हॉर्सपॉवर, ६५० न्यूटन मीटर टॉर्क, व्हीलबेसही तोच. चालवताना फरक शोधावा लागतो. मागे आई-वडील बसले की मात्र लगेच कळतो. कूपेत दोन दारं, उतरतं छत. म्हाताऱ्या माणसाला आत शिरणंच जड. डिकी एम३ची ४८० लिटर, एम४ची ४४०. एम४ दिसायला देखणी, हे मान्यच.

सी६३ कागदावर ६८० हॉर्सपॉवरची, पण आता २ लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि हायब्रिड बॅटरी. वजन दोन टनांच्या वर. जुन्या आठ सिलिंडरच्या व्ही८ इंजिनाचा तो घुमणारा आवाज गेला, आणि मला ती हानी फार मोठी वाटते. याच वर्गातली ऑडी आरएस५ स्पोर्टबॅक चार दारांची, ४५० हॉर्सपॉवरची, स्वभावाने मवाळ होती.

समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे आणि उन्हाळ्यात काँक्रीटवर टायर भयंकर तापतात. नायट्रोजन भरा, हवा थंड टायरमध्येच तपासा. गावाकडच्या गतिरोधकांवर तिन्ही गाड्या तिरप्याच काढाव्या लागतील.