सॅटेलाइट ब्रॉडबँडचा धंदा एवढा कसा वाढला? पुढे टिकेल का?

जिथे टॉवर नाही तिथल्या माणसाकडे दुसरा इलाज नव्हता, म्हणून वाढला. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर, घर रत्नागिरीला. तो बिनइलाजाचा माणूस मीच.

2012 साली मी फोर्थ इंजिनिअर होतो, जहाज अटलांटिकमध्ये. मंकी आयलंडवर, म्हणजे जहाजाच्या सगळ्यात वरच्या डेकवर, सॅटेलाइटचा पांढरा डोम, पण बिल एमबीवर, म्हणून नेट फक्त ऑफिसच्या कामाला. क्रूला दिवसातून एक ईमेल, तीही कॅप्टनच्या कॉम्प्युटरवरून, आणि फोनला स्क्रॅच कार्ड. बाबांना अ‍ॅटॅक आल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. कार्ड नाण्याने खरवडताना हात इतका थरथरत होता की दोन आकडेच पुसले गेले. दुसरं कार्ड घेतलं. उपग्रह 36 हजार किलोमीटर वर, आपण बोललेलं जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद जातो. आई आणि मी एकदमच बोलायचो, एकदमच गप्प व्हायचो. "तू बोल", "नको, तू सांग" यातच कार्ड संपलं. आठवड्याने बाबा गेले. मी पोचलो तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं.

नंतर सुपरिंटेंडंटला, म्हणजे कंपनीच्या किनाऱ्यावरच्या साहेबांना, विचारलं, क्रूला नेट का नाही? म्हणाले, "नेट दिलं की पोरं काम करत नाहीत."

धंद्याचं म्हणाल तर इरिडियम कंपनीने 1998 मध्ये सॅटेलाइट फोन आणला आणि वर्षभरात दिवाळं निघालं, कारण शहरातल्या गिऱ्हाइकाच्या हातात तोवर साधा मोबाइल आला होता. इन्मारसॅट ही दुसरी सॅटेलाइट कंपनी जहाजांवर, विमानांवर तगली. मग साधारण 550 किलोमीटरवरून, म्हणजे पुष्कळ जवळून फिरणाऱ्या उपग्रहांची, म्हणून बोलणं लगेच पोचवणारी स्टारलिंक 2022 मध्ये जहाजांवर आली, महिन्याच्या प्लॅनने. 2023 मध्ये इन्मारसॅटच व्हायासॅट या अमेरिकन सॅटेलाइट कंपनीने विकत घेतली. पैसे गुंतवणार असाल तर गिऱ्हाईक टॉवरपासून किती लांब आहे तेवढं बघा.

आणि शिपिंग कंपनीत असाल तर क्रूचं नेट तोडू नका. डिसेंबर 2024 पासून मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्येच, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातच, आलंय की शक्य तिथे क्रूला इंटरनेट द्यायचं, पैसे घेतलेच तर वाजवी घ्यायचे. आज आमच्या जहाजावर पोरं वॉच (ड्युटीची पाळी) संपवून घरी व्हिडिओ कॉल करतात आणि पुढच्या वॉचला वेळेवर खाली इंजिन रूममध्ये हजर असतात. एकाही दिवशी काम अडलेलं मी पाहिलं नाही.

हे सगळं समुद्रावरचं. पुण्यात फायबर असताना छतावर डिश लावू नका, पैसे वाया जातील.