पोलिसांनी पाहुण्यांची माहिती मागितली तर पाहुण्याची संमती लागते का?

तुमचा प्रश्न असा आहे : सिंहस्थासाठी पंचवटीतल्या घराच्या वरच्या दोन खोल्या यात्रेकरूंना द्यायच्या आहेत. पोलीस आले आणि पाहुण्यांचं आधार, मोबाइल नंबर, कॅमेऱ्याचं फुटेज मागितलं, तर पाहुण्याला न विचारता द्यायचं का? आणि नाही म्हटलं तर आपल्यावरच काही येईल का?

ताई, पंचवटी कारंजापासून पायी पाच मिनिटांवर आमची अकरा खोल्यांची लॉज आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिच्या काउंटरवर बसते. मी वकील नाही, पण एका प्रसंगानंतर हे सगळं वकिलांकडे बसून नीट समजून घेतलं. थोडक्यात सांगायचं तर पाहुण्याची संमती लागत नाही, पण पोलिसांचा लेखी आदेश लागतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि बहुतेक लोकांना त्यातली एकच माहीत असते.

आधी एक सांगते, म्हणजे मी पोलिसांच्या विरोधात बोलतेय असं वाटायला नको. 2003 च्या सिंहस्थात, 27 ऑगस्टला, शाही स्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्या दुपारी लॉजचं रजिस्टर काखेत मारून स्वतः पोलिसांकडे गेले होते. कोण परत आलंय, कोण नाही, कुठल्या गावचं आहे, घरचा फोन काय, हे त्या वहीवरून सांगता येत होतं. त्या दिवशी कुणी कुणाकडे कागद मागितला नाही आणि मागायचाही नसतो. रामकुंडावर पोर हरवलं, म्हातारं माणूस सापडेना, तर कॅमेरा आधी उघडा. लिहायचं ते नंतर लिहा.

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वी, गर्दीचे दिवस नव्हते, दुपारची वेळ. गणवेशातले एक हवालदार आले. दुसऱ्या तालुक्याच्या ठाण्यातून आलोय म्हणाले. 'कालच्या एन्ट्र्या दाखवा जरा.' मी वही त्यांच्याकडे फिरवली. पंख्याने पान उडत होतं म्हणून त्यांनी कोपऱ्यावर अंगठा दाबला, मोबाइल काढला आणि अख्ख्या पानाचा फोटो घेतला. फ्लॅश पडल्याचं मला अजून दिसतं. मी त्यांचं नाव विचारलं नाही, बक्कल नंबर पाहिला नाही, चहा मात्र विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चार माणसं आली. काउंटरवर एक शब्द न बोलता थेट नऊ नंबरच्या खोलीकडे गेली. त्या खोलीत एक जोडपं उतरलं होतं, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेलं. दोघंही सज्ञान, ओळखपत्रं मी स्वतः पाहिली होती. सुदैवाने दोघं पहाटेच्या एसटीने निघून गेले होते. खोलीत बोर्डला लावलेला चार्जर तेवढा राहिला होता. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, त्या मुलीची मिसिंग दाखल नव्हती, गुन्हा नव्हता, काहीच नव्हतं. हवालदार मुलीच्या मामांच्या ओळखीतले होते.

पाच वाजताची एसटी चुकली असती तर काय झालं असतं, हा विचार मला पुष्कळ रात्री आला. आणि दुसरं म्हणजे, त्या फोटोत नुसतं जोडपं नव्हतं. पानावर अठरा नोंदी होत्या. नारायण नागबळीला आलेलं कुटुंब होतं, कोर्टाच्या तारखेला एकटी आलेली एक बाई होती. त्या सगळ्यांचे नंबर आणि पत्ते एका माणसाच्या खासगी मोबाइलमध्ये गेले आणि ते मी दिले होते.

आता कायदा. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम 94 तुमच्या कामाचं आहे (पूर्वीचं कलम 91). तपासासाठी एखादा दस्तऐवज, फुटेज किंवा उपकरण हवं असेल तर न्यायालय समन्स काढतं किंवा ठाण्याचे प्रभारी अधिकारी लेखी आदेश देतात. कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, पण लेखीच. त्यात तुमच्या पाहुण्याची परवानगी कुठेही येत नाही. असा आदेश आला की माहिती द्यायची, टाळायची नाही. टाळणं गुन्हा ठरू शकतं. पण हवालदारांनी तोंडी सांगणं म्हणजे हा आदेश नव्हे.

वही तपासायला दाखवणं वेगळं. लॉजवाल्यांच्या बाबतीत ते परवान्याच्या कामातच येतं, आणि स्थानिक ठाण्याचे लोक येऊन पाहून सही करून जातात, त्याला मी कधीच आडकाठी करत नाही. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवणं आपल्यावरच बंधनकारक आहे. पण पाहणं आणि पानं घेऊन जाणं यात फरक आहे.

गरजेपुरतंच द्यायचं, हे माझं म्हणणं नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. सरकारला त्यात शिरायचं असेल तर कायद्याचा आधार हवा, रास्त हेतू हवा आणि शिरकाव हेतूच्या प्रमाणात हवा. एका माणसाचा तपास असेल तर त्या माणसाची नोंद. बाकीच्या सतरा जणांचा काय संबंध?

2023 चा डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे, पण गुन्ह्याच्या तपासासाठी त्याच्या कलम 17 मध्ये मोठी सूट आहे, त्यामुळे पोलिसांपुढे त्याचा आधार फारसा मिळत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत, म्हणजे ऐन सिंहस्थात. माहिती सांभाळून ठेवायची जबाबदारी मात्र त्या सुटीतही जात नाही. तुम्ही मोबाइलवर पाहुण्याच्या आधारचा फोटो काढलात की ती डिजिटल माहिती झाली. तो फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. मी असं करणारे पाहिलेत.

आधारचंच बघा. आधार प्राधिकरणाकडची तुमची ओळखीची माहिती तपासासाठी हवी असेल तर आधार कायद्याच्या कलम 33 प्रमाणे उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा आदेश लागतो, आणि बोटांचे ठसे तर त्यानेही मिळत नाहीत. फोन टॅप करायचा असेल तर राज्याच्या गृह सचिवांच्या पातळीवरचा आदेश लागतो आणि त्यावर पुनर्विलोकन समिती असते. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात टॅपिंगचे तीन आदेश रद्द करून ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली. कुणी कुणाला कधी फोन केला याची नुसती यादीसुद्धा कंपनीकडून मागवायला अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याचं पत्र जावं लागतं. एवढी कुलपं वर आहेत. आणि त्याच माणसाच्या आधारची झेरॉक्स, त्याचा नंबर, तो कुणाबरोबर उतरलाय हे सगळं माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, आणि तिथे कुलूप म्हणजे मी. म्हणून मी झेरॉक्स ठेवायचीच तर मास्क केलेल्या आधारची ठेवते, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. पाहुण्यांना आधीच फोनवर तसं सांगते.

आता मी काय करते ते सांगते, तुम्हालाही जमेल. कुणी आलं की आधी बसवते, पाणी देते. नाव, ठाणं आणि बक्कल नंबर डायरीत लिहिते. मग विचारते, 'साहेब, गुन्हा रजिस्टर नंबर काय? पत्र आणलंय का?' पत्रावर ठाण्याचा शिक्का, जावक क्रमांक, कलम आणि नेमकं काय हवंय हे बघते. 'सर्व रेकॉर्ड द्यावे' असं मोघम असेल तर तारीख आणि नाव लिहून आणायची विनंती करते. बाहेरच्या ठाण्याचे असतील तर आपल्या ठाण्यात फोन लावून खात्री करते. पंचवटी शहर आयुक्तालयाकडे येते, त्र्यंबकेश्वर ग्रामीण अधीक्षकांकडे, हेही लक्षात ठेवा. दिलं की दुसऱ्या प्रतीवर पोच घेते. सुरुवातीला माझा आवाज कापायचा. पण खरं सांगते, खरोखर तपासावर आलेल्या अधिकाऱ्याला याचा राग येत नाही. उलट एका फौजदारांनी मला सांगितलं की कागदावर आलेलं फुटेज त्यांनाच कोर्टात उपयोगी पडतं. पुरावा कायद्यात आता फुटेजसोबत हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये नंतर बदल झालेला नाही हे पडताळायचा आकडा) असलेलं प्रमाणपत्र लागतं, त्यावर तुमचीही सही असते. मागणी आली की तेवढ्या तारखांचं फुटेज लगेच वेगळं काढून ठेवा. डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, जुनं आपोआप पुसलं जातं आणि मग आपल्यावरच संशय येतो.

खोलीची झडती घ्यायची म्हणाले तर अधिकाऱ्याने कारणं लिहून ठेवायची असतात, दोन पंच लागतात, आणि आता झडतीचं व्हिडिओ चित्रीकरणही करावं लागतं. पाहुण्यांना रांगेत उभं करून मोबाइल उघडायला लावा, असं म्हणणारं कलम नाही. आरोपीला पासवर्ड सांगायला भाग पाडता येतं का, यावर न्यायालयांचं एकमत झालेलं नाही. तसा प्रसंग आला तर सरळ वकिलांना फोन करा.

आणि घरातून पळून आलेलं जोडपं तुमच्याकडे उतरलं तर घाबरू नका. सज्ञान असतील तर त्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात सांगितलंय. नातेवाईक दारात आले तर 112 लावा. त्यांना खोली नंबर सांगू नका, मग सोबत कुणीही आलेलं असो.

शेवटचं, वहीबद्दल. त्या प्रसंगानंतर मी आखलेलं मोठं रजिस्टर बंद केलं. आता एका पानावर एकच पाहुणा लिहिते आणि पानांना आधीच क्रमांक घालून ठेवते. कुणाची नोंद दाखवायची तर तेवढंच पान उघडतं. वही लवकर संपते, हे खरं आहे. सिंहस्थासाठी मी मेनरोडच्या दुकानात बारा वह्या सांगून ठेवल्यात. तुमच्या दोन खोल्यांना दोन पुरतील.