प्रतीक्षायादीतला क्रमांक कोणाला विचारावा?

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ४६ असून अडीच वर्षांपासून त्यांचे डायलिसिस सुरू आहे. पुण्यातील एका रुग्णालयामार्फत मूत्रपिंडासाठी नाव नोंदवले आहे. मी स्वतः किडनी द्यायला तयार आहे, परंतु रक्तगट जुळत नाही. आमच्यानंतर नोंदणी केलेल्या एका गृहस्थांचे प्रत्यारोपण झालेसुद्धा. पैसे दिल्यास नंबर वर घेऊन देतो, असे एक जण सांगतो. आमचा नंबर कितवा, हे कोठे समजेल?
— एक भगिनी, कराड

उत्तर : ताई, ही यादी रेशनच्या रांगेसारखी सरकत नाही. मेंदूमृत दात्याचा रक्तगट, डायलिसिसचा काळ, पूर्वीचे प्रत्यारोपण निकामी झाले आहे का, अशा बाबी पाहून मूत्रपिंडाचे वाटप होते. शिवाय दाता ज्या प्रत्यारोपण रुग्णालयात असेल तेथील रुग्णाला सहसा एक मूत्रपिंड मिळते आणि दुसरे विभागाच्या सामाईक यादीकडे जाते. त्यामुळे नंतर आलेल्याला आधी बोलावणे येणे म्हणजे अन्यायच झाला, असे समजू नये.

क्रमांकापेक्षा महत्त्वाचा प्रश्न रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकांना विचारा : यजमानांचे नाव यादीत आज 'सक्रिय' आहे का? जंतुसंसर्ग झाला, हृदयाची तपासणी जुनी झाली किंवा अहवाल पोहोचले नाहीत, तर नाव तात्पुरते बाजूला ठेवले जाते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. कोणत्या तपासण्या पुन्हा करायच्या, ते लिहून घ्या. रक्त चढवण्याची वेळ आली, तर त्यामुळे शरीरात प्रतिपिंडे (परक्या पेशींविरुद्ध लढणारे घटक) तयार होऊन पुढे जुळणी अवघड होऊ शकते, म्हणून तेही समन्वयकांना कळवा. शंका उरल्यास पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, म्हणजे झेडटीसीसीकडे, चौकशी करता येते.

आपली तयारी वाया गेलेली नाही. २०११ च्या कायदादुरुस्तीने अदलाबदल प्रत्यारोपणाला मान्यता दिली आहे : रक्तगट न जुळणारी अशीच दुसरी जोडी मिळाल्यास आपली किडनी त्यांच्या रुग्णाला आणि त्यांची आपल्या यजमानांना देता येते. याची नोंद करण्याविषयी मूत्रपिंडतज्ज्ञांशी लवकर बोला. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश आहे.

त्या मध्यस्थाला मात्र एक रुपयाही देऊ नका. अवयवांच्या व्यवहाराला पाच ते दहा वर्षे कैद आणि किमान २० लाख रुपये दंड आहे, आणि त्याच्या नादी लागलेले कुटुंबही त्यात अडकते.

घरातील दोन-तीन फोन क्रमांक रुग्णालयात नोंदवून ठेवा. बोलावणे रात्रीही येऊ शकते, आणि कराडहून पुण्याला पोहोचायला वेळ लागतो, तेव्हा गाडीची सोय आधीच ठरवा. एका मूत्रपिंडासाठी अनेकदा एकाहून अधिक रुग्णांना बोलावतात आणि क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचे रक्त दात्याच्या पेशींना विरोध करते का, या तपासणीनंतर निवड होते. त्या दिवशी परत यावे लागले, तरी यजमानांचे नाव यादीत कायम राहते.