न नांगरता पेरलेला गहू पिवळा पडला, मक्याची धांडं जाळायला हवी होती का?

नाही, जाळायची अजिबात नव्हती. निफाडकडची काळी जमीन, मका काढल्यावर धांडांवर एक हलका रोटा (रोटाव्हेटर), त्यावर शून्य मशागतीच्या यंत्राने पेरणी, आणि विसाव्या दिवशी गहू पिवळा, असं तुम्ही लिहिलंय. यात दोष धांडांचा नाही, रोट्याचा आहे. "पेटवून दिलं असतं तर" हे वाक्य दर रब्बीला बांधावर ऐकू येतं आणि दर वेळी माझं डोकं उठतं, म्हणून जरा लांब लिहितोय.

मक्याच्या धांडात कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण 50 ते 60 ला 1 असतं, गव्हाच्या काडात 80 ला 1 च्या आसपास. साधारण 25 ला 1 च्या वरचं काहीही कुजवायचं म्हटलं की जिवाणूंना नत्र कमी पडतं आणि ते जमिनीतलं उचलतात. धांडं नुसती वर पडून राहिली तर मातीला फक्त खालच्या अंगाने टेकतात, सावकाश कुजतात, नत्राची ओढ थोडीच होते. रोट्याने तीच बारीक करून चार बोटं मातीत कालवली की प्रत्येक तुकड्याला चहूबाजूंनी ओल मिळते, जिवाणू एकदम वाढतात आणि गव्हाला पहिलं नत्र हवं असतं त्याच दिवसांत ते अडकवून ठेवतात. ते नत्र नंतर सुटतं, पण तोवर फुटव्यांची वेळ निघून गेलेली असते. अर्धवट मशागतीत नांगरटीचा फायदा नाही आणि आच्छादनाचाही नाही. करायचं तर पूर्ण करा. काड वर, खत खाली.

आधी पिवळेपणा नीट बघा. खालची जुनी पानं शेंड्याकडून पिवळी होत असतील तर नत्र. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह, आपल्या चुनखडीच्या जमिनीत हे सर्रास दिसतं. फक्त साऱ्याच्या सखल टोकाला पिवळं असेल तर पाणी साचलंय. आच्छादनाखाली ओल जास्त दिवस टिकते, त्यामुळे शेजाऱ्याच्या नांगरलेल्या रानाच्या हिशेबाने पाणी भरलं की मुळं गुदमरतात. हे न बघता दुकानदार देईल ते टॉनिक फवारू नका.

आता खत. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी 120:60:40, म्हणजे एकरी 48 किलो नत्र, 24 स्फुरद (फॉस्फरस), 16 पालाश (पोटॅश). डीएपीची (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) 50 किलोची एक गोणी आणि 25 किलो म्युरेट ऑफ पोटॅश यात स्फुरद-पालाश जवळपास भागतं. डीएपी यंत्राच्या खतपेटीतूनच, बियाण्याच्या खाली किंवा बाजूला पडलं पाहिजे. स्फुरद जागचं हलत नाही, काडावर फेकलेलं डीएपी मुळांपर्यंत जात नाही. युरिया बियाण्यात मिसळून पेरू नका, उगवण मरते. उरलेलं नत्र साधारण 85 किलो युरियातून येतं. 45 किलोची एक गोणी पहिल्या पाण्याला, 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळं (बुंध्याशी येणारी कायमची मुळं) फुटताना, आणि 40 किलो कांडी धरताना, 40 ते 45 दिवसांनी. मक्याचं किंवा भाताचं दाट आच्छादन असेल तर पहिली दोन-तीन वर्षं एकरी 20 किलो युरिया जास्तीचा, पेरणीपूर्वी रान ओलवताना. सोयाबीनच्या पाल्याला हे लागत नाही.

युरिया पाण्याआधी टाका. पाणी देऊन वापसा (पाणी मुरून रानात काम करता येईल इतपत ओल) आल्यावर टाकायची आपली सवय इथे नडते. काडावर युरियाचं विघटन करणारं विकर (एन्झाइम) भरपूर असतं, ओलसर काडावर पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. आधी टाकून लगेच पाणी सोडलं की तो धुऊन मातीत उतरतो. तुमच्या पिवळ्या गव्हालाही, नत्राचीच कमतरता असेल तर, पुढच्या पाण्याआधी हेच करा.

जाळल्याने काडातलं नत्र जवळजवळ सगळं हवेत जातं, गंधकही बरंच. पालाश राखेत उरतो, तो पहिल्या वाऱ्याला शेजाऱ्याच्या रानात. वर बांधावरची ठिबकची नळी वितळते आणि शेजारी द्राक्षबाग असेल तर कडेच्या ओळी होरपळतात. एवढं करून मिळतं काय, तर एक दिवस मोकळं दिसणारं रान.

यंत्र तुंबतं ही तक्रार मात्र खरी आहे. उभं, मुळाशी धरलेलं धसकट फाळांतून निघून जातं, मोकळी धांडं अडकतात. साधं यंत्र असेल तर जमिनीपासून फूटभर ठेवून कापा, वरचा चारा जनावरांना न्या. निम्मं रान झाकलेलं राहिलं तरी पुष्कळ. हार्वेस्टरने काढलेल्या रानात मागे पट्ट्यात पडलेलं काड आधी विस्कटा. हॅपी सीडर (काड कापत त्यातूनच पेरणारं यंत्र) मिळाला तर मोकळं काडही चालतं, पण दव वाळल्याशिवाय, म्हणजे दहा-अकराच्या आत, सुरू करू नका, ओलं काड गुंडाळतं. बी चार-पाच सेंटिमीटरवर. काळ्या रानात वापसा जास्त ओला असेल तर चर उघडाच राहतो आणि बी वाळतं.

हेही सांगायला हवं की हरळी-लव्हाळ्याचं रान, उंचसखल रान किंवा खाली कडक थर बसलेलं रान थेट असं पेरू नका. आधी एकदा ते दुरुस्त करा. आणि न नांगरता पाण्यासाठी सारे कुठून पाडायचे म्हणाल तर खरिपातच रुंद वरंबे पाडून मका-सोयाबीन घ्या, त्याच वरंब्यांवर गहू पेरा, सऱ्यांतून पाणी द्या. तुषार सिंचन असेल तर प्रश्नच नाही. आच्छादनात उंदीर आणि वाळवी वाढतात, मक्यानंतर खोडकिडाही येतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा काड उचलून खाली बघत जा.