एसी खोलीत बसून करायचं काम?

फोंड्याहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आहे. मुलगी क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजीत, म्हणजे भ्रूणशास्त्रात एमएस्सी, गोव्यातल्याच एका खासगी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरच्या लॅबमध्ये नोकरीला. हल्ली ती रात्री दचकून उठते, फोन चाचपते, जेवण तुटलंय, नोकरी सोडायची म्हणते. वडील लिहितात, "एसी खोलीत बसून करायचं काम, पेशंटची कटकट नाही, तरी हिला झेपत नाही. पीएचडी केली तर वरची जागा लवकर मिळेल का? स्थळं बघतोय, अशात नोकरी सोडली तर लोकांना काय सांगू?"

सर, पीएचडीचं आधी उरकतो. २०२१ च्या एआरटी, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्याखाली एम्ब्रियॉलॉजिस्टला शिक्षण आणि लॅबच्या अनुभवाची अट आहे. पीएचडीचा पुढे उपयोग होईल. पण जिला झोप लागत नाही तिच्या डोक्यावर आणखी एक प्रवेश परीक्षा ठेवू नका. तुमच्या पत्रात स्थळांबद्दल अख्खा परिच्छेद आहे, मुलीला स्वतःला काय हवंय यावर एक ओळही नाही. मला पीएचडीपेक्षा याचीच काळजी वाटली.

आता ती एसी खोली. तिथली हवा, तापमान, मंद उजेड सगळं भ्रूणांच्या सोयीनं ठरतं. परफ्यूमलासुद्धा बंदी. स्त्रीबीज मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढं. मायक्रोस्कोपखाली ते काचेच्या नळीनं धरायचं आणि सुईनं एकच शुक्राणू आत सोडायचा. मान, खांदे, डोळे तासन् तास तसेच. वेळही तिच्या हातात नाही. बीजं पक्व करणाऱ्या ट्रिगरच्या इंजेक्शननंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात, फलन झालं का ते शुक्राणू सोडल्यावर १६ ते १८ तासांनी बघावं लागतं, आणि पाचव्या दिवशीचा भ्रूण रविवार बघत नाही की गणपतीची चवथ. चवथीला ती घरी आली नाही हा तिचा हट्ट, असं तुम्ही म्हणता. तो हट्ट नव्हता, सर.

"बऱ्याचदा लॅबमध्ये एकटीच असते" हे तुम्ही ओघात लिहून गेलात. मी तिथंच थांबलो. बीज, शुक्राणू, भ्रूण, भ्रूण गोठवून ठेवलेली बारीक नळी (स्ट्रॉ), दर टप्प्याला डिशवरचं नाव आणि नंबर दुसऱ्या माणसानं शेजारी उभं राहून पडताळायचा असतो. तो दुसरा माणूसच नसेल, तर सगळा भार तिच्या एकटीच्या नजरेवर. दागिने मोडून आलेल्या जोडप्याची ती शेवटची संधी असू शकते, आणि अदलाबदल झाली तर ती निस्तरता येत नाही. भ्रूण ठेवायच्या उबदार पेटीचा, इनक्यूबेटरचा अलार्मही बहुतेक तिच्याच फोनवर येत असेल. तुम्हाला ते फोनचं व्यसन वाटलं.

म्हणून मुलीची सहनशक्ती मोजू नका, सेंटरची व्यवस्था तपासा. साक्षीला दुसरा माणूस मिळणार का? रात्रीच्या अलार्मची पाळी वाटून देणार का? भ्रूण गोठवून ठेवायच्या नायट्रोजनच्या टाक्यांच्या खोलीत ऑक्सिजन मीटर आहे का? द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. बंद खोलीत गळला तर प्राणवायू घटतो, आणि वास नसल्यानं माणसाला पत्ता लागत नाही. ती टाकी एकटीनं भरत असेल तर ते आजच थांबायला हवं. हे सगळं तिनं लेखी मागावं. टोलवाटोलवी झाली तर राजीनामा द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याआधी झोपेसाठी डॉक्टर गाठा. बांबोळीला आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, आणि स्थळांना ते कळवायचं काही कारण नाही. त्यांना "नोकरी बदलतेय" एवढं सांगा.

हे क्षेत्र तिला आवडत असेल तर चार-पाच एम्ब्रियॉलॉजिस्ट असलेली मोठी लॅब, जनुकीय तपासणीची लॅब किंवा शिकवणं, वाटा आहेत. त्यातली कुठली, हे तिच्याशी बोलल्याशिवाय मी सांगणार नाही. तिला थेट लिहायला सांगा, आणि ते पत्र तुम्ही आधी वाचू नका.