कर्नल बदलल्यावर एनव्हिडियाचा ड्रायव्हर का बसत नाही?

भुसावळच्या आपल्या महाविद्यालयातील संगणकांवर उबुंटू या लिनक्स प्रणालीचा कर्नल (प्रणालीचा गाभा) अद्ययावत झाल्यावर पडदा काळा राहतो आणि ड्रायव्हर पुन्हा बसवताना ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ (म्हणजे पॅकेजेस एकमेकांशी जुळत नाहीत) असा संदेश येतो, असे आपण विचारले आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचे मोड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा भाग) प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावे लागते. डीकेएमएस ही सुविधा ते आपोआप करते, परंतु त्या कर्नलचे हेडर्स (मोड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) नसतील तर ते अडते. संदेशामागे मात्र बहुधा पीपीएमधील (उबुंटूच्या बाहेरच्या भांडारातील) आणि अधिकृत भांडारातील पॅकेजेसची सरमिसळ असते. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या निवडसूचीतून जुना कर्नल सुरू करून तो पीपीए व एनव्हिडियाची सर्व पॅकेजेस काढावीत, नव्या कर्नलचे हेडर्स बसवावेत आणि मगच ‘उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ ही आज्ञा चालवावी. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरील ‘रन’ फाइलचा मोह टाळलेला बरा, कारण एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकाकडे तिची नोंदच नसते.